नोकरी शोधताना व्हिसाचं कधी सांगितलंत? तुमचे अनुभव लिहा

रेवा_जर्सीवाली
माझी मावसबहीण अमेरिकेत एमएस संपवून मे महिन्यात बाहेर पडतेय. फोन केला की तिचं एकच पालुपद: आधी सांगितलं तर दारातूनच परत पाठवतात, उशिरा सांगितलं तर लपवलं म्हणतात, मग सांगू तरी कधी? माझं मत असं की फॉर्मवर विचारलं तर खरं तेच भरायचं, रेझ्युमेवर एक अक्षर लिहायचं नाही, आणि रिक्रूटरच्या पहिल्या फोनवर आपणहून विषय काढायचा. पण मला नोकरीला लागून जमाना झाला. तुम्ही कुठल्या देशात, कुठल्या व्हिसावर, कोणत्या टप्प्यावर सांगितलंत ते लिहा. कंपन्यांची नावं मात्र नकोत.

मिरजकर
ताई, पहिल्या फोनवरच, शंभर टक्के. पण नुसतं 'स्पॉन्सरशिप लागेल' (म्हणजे व्हिसाचा अर्ज कंपनीने करायचा) म्हणून गप्प बसलात तर संपलंच. समोरच्या बाईंना त्यात फक्त वकिलाचं बिल दिसतं.

फॉर्मवर बहुतेक वेळा दोन प्रश्न असतात. अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का, आणि आत्ता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का. ओपीटीवाल्याचं, म्हणजे डिग्रीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काही काळ काम करणाऱ्याचं, दोन्हीला 'हो'. दुसऱ्याला 'नाही' ठोकणारे पुष्कळ भेटतात, म्हणे आत्ता कुठे लागतेय! अरे, 'पुढे कधी' असं स्वच्छ लिहिलंय ना? माझ्या ओळखीतल्या एकाने असंच केलं. फेब्रुवारीत तो एच-१बीच्या (कंपनीने स्पॉन्सर करायचा नोकरीचा व्हिसा; अर्ज जास्त म्हणून नावं सोडतीने काढतात) लॉटरीचं विचारायला गेला तर एचआरने त्याचाच फॉर्म काढून पुढ्यात ठेवला. नोकरी राहिली, पण त्या वर्षी लॉटरीत नाव काही गेलं नाही.

मी लॅपटॉपशेजारी चिठ्ठी चिकटवली होती आणि फोनवर तेच वाचायचो: "ओपीटी १२ महिने, डिग्री स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असल्याने आणखी २४. या काळात तुम्हाला एच-१बीशिवायही मला ठेवता येईल. कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) हवी आणि आय-९८३ या प्रशिक्षण आराखड्याच्या फॉर्मवर तुमची सही. एच-१बीची लॉटरी मार्चमध्ये, लागली तर ऑक्टोबरपासून." छोट्या कंपनीच्या रिक्रूटरला यातलं निम्मं माहीत नसतं. एक जण तर म्हणाली, "थांब, पेन घेते." तिथेच लागलो.

अबोली_
माझी केस वेगळी. एच-१बी होताच, ले-ऑफ झाला आणि नवी नोकरी शोधायला हातात ६० दिवस. एवढ्या वेळात कसली लाज आणि कसला मुहूर्त! पहिल्या ईमेलच्या पहिल्याच ओळीत लिहायचे: 'ट्रान्सफर लागेल (आहे तोच एच-१बी नव्या कंपनीकडे), लॉटरी नाही.' ज्यांना नको होतं ते त्याच दिवशी नाही म्हणायचे, आणि मला तेच हवं होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाल्यापासून मात्र एच-१बी म्हटलं की एचआरच्या पोटात गोळा येतो. अमेरिकेतच राहून, स्टेटस शाबूत असताना ट्रान्सफर करणाऱ्याला ती लागत नाही, हे मलाच समजावून सांगावं लागलं. इमिग्रेशन खात्याच्या पानाची लिंक ईमेलमध्ये तयार ठेवा.

नाशिक_ते_लीड्स
रेवाताई, थोडी असहमत. यूकेत मी ग्रॅज्युएट व्हिसावर होते. दोन वर्षं कुणाच्या स्पॉन्सरशिपशिवाय काम करता येत होतं, आणि फॉर्मवर फक्त काम करायचा हक्क आहे का एवढंच विचारलं होतं. हो भरलं. टेक्निकल राउंड चांगला झाल्यावर, मॅनेजरला मी हवीशी वाटतेय हे दिसल्यावर सांगितलं. पहिल्या फोनवर सांगितलं असतं तर मॅनेजरपर्यंत पोचलेच नसते.

पण इथे खरी गोम पगारात आहे. स्किल्ड वर्कर या कंपनीने स्पॉन्सर करायच्या व्हिसाला किमान पगाराची सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड, आणि नुकत्याच शिकून निघालेल्यांना सवलतीची ३३,४००. मला ऑफर आली ३२ हजारांची, वर "स्पॉन्सरशिपचं पुढे बघू." पुढे काय बघणार, कपाळ? त्या पगारावर माझ्या कामासाठी स्पॉन्सर करताच येत नव्हतं. तो आकडा दाखवून पगार वाढवून घेतला, मगच सही केली. आणि हो, स्पॉन्सर करायचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी सरकार जाहीर करतं. अर्ज टाकायच्या आधी तिथे नाव शोधा.

ठाणेकर_म्युनिक
जर्मनीत एवढी लपाछपी लागत नाही. मी कव्हर लेटरमध्येच लिहिलं होतं. लॉटरी नाही, ब्लू कार्डाला (उच्चशिक्षितांचा राहण्या-कामाचा परवाना) पगाराची किमान मर्यादा गाठणारं काँट्रॅक्ट आणि मान्य डिग्री लागते. कंपनीने नोकरीची माहिती देणारा एक फॉर्म भरायचा, बाकी धावाधाव आपली. अनाबिनवर (परदेशी विद्यापीठं-डिग्र्यांची जर्मन सरकारी यादी) आपलं विद्यापीठ आणि डिग्री आधी बघून त्याची प्रिंट जोडली तर एचआर खूश. ते जर्मन येतं का हे विचारतात, व्हिसाचं नंतर.

पेशवेपार्क
पोस्टडॉकवाले (पीएचडीनंतर विद्यापीठात संशोधन करणारे) कुणी असाल तर एवढा घोर नको. अमेरिकेतल्या विद्यापीठांना एच-१बीची वार्षिक मर्यादा लागू नाही, त्यामुळे लॉटरी नाही. मी प्रोफेसरांना पहिल्याच पत्रात सांगितलं, त्यांनी विभागाच्या ऑफिसकडे पाठवलं. विषय संपला.

रेवा_जर्सीवाली
मिरजकर, तुमची चिठ्ठी जशीच्या तशी बहिणीला पाठवली. लीड्सवाली, तुझं पटलं, पण अमेरिकेत तो 'पुढे कधी' फॉर्मवरच गाठतो, त्यामुळे टेक्निकल राउंडपर्यंत थांबायला वावच नसतो. आता तिचा नवा प्रश्न: एक कन्सल्टन्सी म्हणतेय, एच-१बी करतो, पण फी आणि वकिलाचे पैसे तू भर.

अबोली_
एच-१बीच्या अर्जाचा आणि त्यासाठीच्या वकिलाचा खर्च कंपनीच्या गळ्यात, कामगाराच्या नाही. तिला म्हणावं, हेच वाक्य ईमेलवर लिहून मागव. पाठवणार नाहीत.