एंटर दाबला की कर्सर जागचा हलत नाही (आडतीची पट्टी, अल्पाइन जेएस)

लातूर_यार्ड

नमस्कार मंडळी. लातूरच्या मार्केट यार्डात माझ्या मामाची आडत आहे. तिथल्या हिशोबपट्टीसाठी मी अल्पाइन जेएस या छोट्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत एक वेब पान केलंय. रिअ‍ॅक्टसारखी मोठी लायब्ररी मुद्दाम घेतली नाही. दुकानातला कॉम्प्युटर जुना आहे आणि अल्पाइन सरळ एचटीएमएलमध्येच लिहिता येतं.

अडचण मुनीमकाकांची आहे. ते माउसला हातच लावत नाहीत. डाव्या हातात तोलाईच्या चिठ्ठ्या, उजवा नंबरपॅडवर. कट्टे, वजन, भाव, की पुढची चिठ्ठी. नंबरपॅडवर टॅब नसतो, म्हणून सगळं एंटरवरच चाललं पाहिजे. भाव टाकून एंटर मारला की नवी ओळ येते, पण कर्सर जुन्याच ओळीत राहतो. ओळींच्या यादीत (अ‍ॅरेत) नवी ओळ पुश केल्याबरोबर मी तिच्या इनपुटला फोकस देतो, म्हणजे कर्सर तिथं नेतो, तर कन्सोलमध्ये नलचा, म्हणजे इनपुट सापडलंच नाही असा, एरर.

दुसरं म्हणजे, शेतकरी नवा असला की नाव-गावासाठी छोटी खिडकी उघडते. तिथं टॅब दोन-तीनदा दाबला की फोकस मागच्या पानावर जातो. काल काकांनी हाक मारली, "बाळा, हे कुठं पळूलालंय रं?" बघतो तर खिडकी समोर उघडी आणि गावाचं नाव मागं, कट्ट्यांच्या रकान्यात. दारात शेतकरी पट्टीसाठी ताटकळलेले. ऐन सोयाबीनच्या दिवसांत हे बघवत नाही.

परभणी_वेब

पुश केलं म्हणजे डेटा बदलला, पान अजून बदललेलं नसतं. अल्पाइन जरा थांबून मग पानावर ओळ दाखवतं. तुम्ही त्याच्या आधीच इनपुट शोधताय, म्हणून नल. फोकसची ओळ डॉलर-नेक्स्टटिकमध्ये टाका, ते पान बदलून झाल्यावरच कोड चालवतं.

एंटरसाठी प्रत्येक इनपुटला वेगळा कोड लिहू नका. ओळीच्या बाहेरच्या डिव्हवर एकदाच कीडाउन-एंटर-प्रिव्हेंट लावा, फॉर्म सबमिट होणंही त्यानंच थांबतं. पुढं जायला अल्पाइनच्या फोकस नावाच्या प्लगिनमधलं (वेगळं जोडायच्या भागातलं) डॉलर-फोकस आहे, त्याचं नेक्स्ट वापरा. फक्त ओळीत खोडायचं बटन असेल तर नेक्स्ट तिथंही जाऊन बसतं. तिन्ही इनपुट वेगळ्या डिव्हमध्ये घ्या आणि विदिननं तेवढ्यापुरतंच फिरवा.

बीड_१९

खिडकीसाठी त्याच प्लगिनमध्ये एक्स-ट्रॅप आहे. खिडकी उघडी आहे की नाही हे ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंय, ते त्याला द्या. खरं झालं की फोकस आत कोंडला जातो, खोटं झालं की आधी जिथं होता तिथं परत येतो. एस्केपनं खिडकी बंद व्हायला मात्र कीडाउन-एस्केप आपणच लावायचं. प्लगिनचं आधीचं नाव ट्रॅप होतं, जुन्या लेखांत तेच सापडेल. फाइली सीडीएनवरून, म्हणजे नेटवरच्या तयार लिंकवरून, घेत असाल तर प्लगिनची स्क्रिप्ट अल्पाइनच्या आधी हवी. माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली होती.

नांदेड_बिलिंग

भावाच्या इनपुटचा टाइप नंबर आहे का? असला तर आजच बदला. त्यात खालचा बाण दाबला की आकडा एकानं उतरतो. ४३५० चे ४३४९ झालेले कुणाला दिसत नाहीत, आणि ते पैसे शेतकऱ्याचे असतात. टाइप टेक्स्ट ठेवा, इनपुटमोड डेसिमल द्या.

नाव मराठीत उच्चारी कीबोर्डनं टाकत असाल तर अजून एक. शब्द पक्का करायला दाबलेला एंटरही कीडाउनमध्ये येतो आणि नाव अर्धवट राहून फोकस पुढं सरकतो. इव्हेंटचं इझकंपोझिंग खरं असेल, म्हणजे शब्द अजून जुळवणं चालू असेल, तर काहीच न करता परत फिरा.

लातूर_यार्ड

सगळं लावलं, चाललं. नांदेडकर, टाइप नंबरच होता. बरं झालं सांगितलंत. मामासोबत बसून या आठवड्यातल्या सगळ्या पट्ट्या चिठ्ठ्यांशी ताडून बघितल्या. एका पट्टीत भाव एक रुपयानं कमी लागला होता. मामानं त्या शेतकऱ्याला फोन करून फरक आजच दिला.

एक गोष्ट माझी मलाच सापडली. ओळ खोडली की तिच्यासोबत बटनही जातं आणि फोकस कुठंच राहत नाही. आता खोडल्यावर नेक्स्टटिकमध्येच वरच्या ओळीच्या वजनावर नेतो. शिवाय दिसायला बरं म्हणून मी सीएसएसमध्ये आउटलाइन नन करून फोकसची कड काढून ठेवली होती. काकांना मोतीबिंदूमुळे आधीच कमी दिसतं, ते कर्सर शोधत बसायचे. आता फोकस असलेल्या रकान्याला तीन पिक्सेलची गडद निळी कड आहे. सकाळी त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा संपवला, मला एकदाही हाक आली नाही.