सीमाभागातल्या गुरं पाळणाऱ्यांची वेगळी संघटना हवी की नको?

निपाणी_शिवार
मंडळी, २०१८ साली अमेरिकेतल्या दूधवाल्यांच्या दोन संघटना त्यांच्या सरकारकडं गेल्या. भारत आमचा दुधाचा माल आत घेत नाही, तर भारताच्या मालाला इथं मिळणारी करसवलत काढा, ही त्यांची मागणी. आपली अट एवढीच होती की जनावरांच्या रक्तमांसाचं खाद्य खाल्लेल्या गाईच्या दुधाचा माल नको. जून २०१९ ला सवलत गेली. वैद्यकीय उपकरणवाल्यांचीही तक्रार होती, त्यामुळं सगळं श्रेय दूधवाल्यांना देता येत नाही. पण गोठ्यातल्या माणसाची तक्रार दोन देशांच्या व्यापारात वजन टाकते, कारण त्याच्यामागं पगारी माणसं, वकील आणि आकडेवारी असते. टेक्सासमधल्या गुरं पाळणाऱ्यांची संघटना तर १८७७ ची, गुरांच्या चोऱ्या थांबवायला निघालेली. चोरीचा तपास करायला आजही तिची स्वतःची माणसं आहेत.

आता आपल्याकडं बघा. निपाणी-चिकोडी पट्ट्यात एकाच गल्लीतलं दूध दोन वाटांनी जातं. नंदिनीच्या (कर्नाटकातली सहकारी डेअरी) सोसायटीत घालणाऱ्याला कर्नाटक सरकारचे लिटरमागं ५ रुपये मिळतात. शेजारचा कोल्हापूरकडच्या डेअरीला घालतो, त्याला ते नाहीत. जानेवारी २०२४ पासून महाराष्ट्रानं गाईच्या दुधाला ५ रुपये द्यायला सुरुवात केली, पुढं ७ केले. तेही ह्याला मिळाले नाहीत, कारण गोठा कर्नाटकात. लंपीच्या वेळी मेलेल्या गाईला इकडं २० हजार आणि तिकडं ३० हजार. वासराला इकडं ५ हजार, तिकडं १६ हजार. रोग एकच, लसही तीच.

हे मांडायचं कुणी? माझं म्हणणं : जनावरामागं वर्षाची ठरावीक वर्गणी घेणारी, कुठल्याच डेअरीची नसलेली संघटना काढावी. कुठल्याही संघाच्या संचालकाला तिच्यात पद नको.

सोसायटी_सेक्रेटरी
दादा, संघटना आहे की. गावातली दूध सोसायटी म्हणजे कोण? तुम्हीच सभासद, तुम्हीच मत देता. खाद्य, रेतन, डॉक्टर सगळं तिथूनच येतं. एप्रिल २०२५ ला नंदिनीचं दूध ४ रुपयांनी महागलं, ते पैसे उत्पादकाला द्यायचे म्हणूनच. कुठल्या मोर्चानं ते मिळालं? उलट तुम्ही म्हणता तशी वर्गणीवाली संघटना दोन वर्षांत कुणाच्या तरी बॅनरवर फोटो छापायला उरते. १९८० साली निघालेल्या कर्नाटकातल्या शेतकऱ्यांच्या रयत संघाचे आज किती गट आहेत ते मोजा. सगळे दूध सोसायटीत घालायला लागले तर तुमचा ५ रुपयांचा प्रश्न उद्याच मिटेल.

निपाणी_शिवार
अण्णा, सोसायटी माल घेते. जो माल घेतो तोच मोजतो आणि तोच भाव लावतो. त्याच्याशी भांडायला दुसरं कुणी नको? एका डेअरीत (नाव घेत नाही) माझ्या गाईच्या दुधाला सलग ३.३, ३.४ फॅट लागायची. ३.५ च्या खाली गेलं की दर पडतो. त्याच सकाळचं दूध बाटलीत घालून दुसरीकडं तपासलं तर ३.७. चिठ्ठी दाखवली तर म्हणाले, मशीन सरकारमान्य आहे. मशीन कधी तपासलं, कुणी तपासलं, हे विचारायचा अधिकार मला एकट्याला कोण देणार? आणि ते ५ रुपये कितीदा थकतात हे सोसायटीत बसून तुम्हाला जास्त माहीत आहे.

कृष्णाकाठ
निपाणी दादांनी अमेरिकेचा दाखला अर्धाच दिलाय. तिथं १९८५ च्या कायद्यानं गाय, बैल, वासरू, कुठलंही जनावर विकलं की एक डॉलर कापून घेतात, सक्तीनं. तो पैसा मांसाच्या प्रचाराला वापरायचा, आणि त्यातला मोठा वाटा कंत्राटानं जातो देशातल्या सगळ्यात मोठ्या गुरंवाल्या संघटनेकडं. त्या संघटनेत मांस कंपन्याही बसतात. खाटिकखान्याला जाणारी तिथली पोसलेली गुरं शंभरातली ८५ च्या आसपास चारच कंपन्या घेतात. लहान गुरंवाले म्हणत होते, मांसावर देशाचं नाव छापा, बाहेरच्या मांसानं आमचा भाव पडतो. त्यांच्याच पैशावर मोठी झालेली संघटना त्या सक्तीच्या विरोधात उभी राहिली आणि २०१५ ला सक्ती उठली. बाहेरच्या मालाच्या असल्याच भांडणातून त्याआधीच, १९९० च्या दशकाच्या शेवटाला, लहानांनी वेगळी चूल मांडली होती.

म्हणून विचारतो, आपल्या संघटनेत दोन म्हशीवाला आणि ऐंशी एचएफ (होल्स्टन) गाईवाला एकाच सतरंजीवर बसणार का? वर्गणी जनावरामागं घेतली तर आवाज मोठ्या गोठ्याचाच होणार. खाद्यवाल्यांचे एजंट मेळाव्याचा खर्च उचलतील आणि सरकी पेंडीच्या भावाचा विषय कायमचा बाजूला पडेल.

गवळीवाडा
खानापूरच्या जंगलातल्या वाड्यावरून लिहितोय. तुमचं फॅटचं भांडण आमच्यापर्यंत आलेलंच नाही, कारण डेअरीची गाडीच येत नाही. म्हशीचं दूध आटवून खवा करायचा आणि बाजारात मिळेल त्या भावाला द्यायचा. बेळगावचा कुंदा गावोगाव जातो, खवा करणाऱ्याला कोण विचारत नाही. भीमगड अभयारण्य झालं तसं चराईचं अवघड झालं. बिबट्यानं रेडकू नेलं तर पंचनामा होईस्तोवर तिथं हाडंच उरतात. संघटना काढा, पण ती फक्त संकरित गाईवाल्यांची होणार असेल तर आम्हाला मोजू नका.

सीमावासी
सगळं बरोबर, पण पहिल्याच सभेत फलक मराठीत की कन्नडात, यावर मोडणार. लिहून ठेवा.

निपाणी_शिवार
१९८१ ला निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या हाकेवर हायवे अडवून हजारो माणसं बसली होती. गोळीबारात शेतकरी गेले. त्या रस्त्यावर कुणी कुणाची भाषा विचारली नव्हती. दोन्ही भाषांत फलक लावू, प्रश्न तिथंच संपतो.

कृष्णाकाठ यांचा मुद्दा मात्र मला पटतो. वर्गणी जनावरामागं असली तरी मत माणसामागं एकच ठेवावं.

गोठ्यातली_अक्का
माणसामागं म्हणजे कुणामागं? पहाटे पाचला धार मी काढते, शेण मी भरते, वैरण सासूबाई कापतात. सोसायटीचं पुस्तक मालकांच्या नावावर, बिलही त्यांच्याच खात्यात. तुमच्या संघटनेतही सातबारा, नाहीतर इकडचा उतारा बघून सभासद करणार असाल तर आम्ही कुठं? धार काढणाऱ्याला सभासद करा, मग बोला.

सोसायटी_सेक्रेटरी
अक्कांचं खरं आहे, त्यासाठी बायकांच्या वेगळ्या सोसायट्या आहेत, तुमच्या गावात काढा, मी कागद करून देतो. पण निपाणी दादा, एक सांगा. भाकड जनावरांचं काय? इथल्या २०२० च्या कायद्यानं गाय, बैल, वासरू कापायला बंदी, म्हैसही १३ वर्षांच्या आत नाही. होल्स्टनचं नर वासरू कुणी घेत नाही. ह्यावर तुमची संघटना काय बोलणार? एका बाजूनं बोललात तर अर्धे सभासद उठून जातील, गप्प बसलात तर ज्याच्या दावणीला भाकड गाय आहे तो वर्गणी का देईल?

निपाणी_शिवार
कायदा बरा की वाईट यावर मत घ्यायला लागलो तर पहिल्याच दिवशी फुटू, हे कबूल. पण कायदा केला त्यानं पोसायचा खर्चही उचलावा, ही मागणी दोन्ही बाजूंचे लोक एका तोंडानं करू शकतात. भाकड जनावरामागं महिन्याला वैरणीचे पैसे, कानातल्या १२ आकडी बिल्ल्यावर नोंद करून. सोसायटीनं ही मागणी आजवर का केली नाही?

सोसायटी_सेक्रेटरी
कारण भाकड जनावर दूध देत नाही, आणि सोसायटी दुधाची आहे.

कृष्णाकाठ
मग निपाणी दादांचं निम्मं म्हणणं तुम्हीच मान्य केलंत. माझी अट तीच आहे : खाद्य कंपनीचा एक रुपया घ्यायचा नाही आणि हिशेब दरवर्षी चिंचलीच्या जत्रेत, गुरांच्या बाजारात, सगळ्यांसमोर वाचायचा. हे लिहून देणार असाल तर माझ्या तीन म्हशींची वर्गणी धरा.

गवळीवाडा
चिंचली आम्हाला लांब पडते. एक वाचन खानापुरात ठेवा.