फ्लामेंको म्हणजे ‘आपलं कथकच’? बास करा आता!

तालवेडी:
परवा इथे कुणीतरी टाकलं की फ्लामेंको (स्पेनचं गाणं, गिटार आणि नाच) म्हणजे राजस्थानातून गेलेलं कथकच, स्पेनने फक्त वर झालरीचा झगा चढवला. डोकंच फिरलं वाचून. ते गाणारे-नाचणारे रोमा, म्हणजे युरोपातले ‘जिप्सी’, त्यांची मुळं भारतात, मान्य. पण ते निघाले साधारण हजार वर्षांपूर्वी, तेव्हा आजचं कथक होतं कुठे? स्पेनमध्ये पोचले 15व्या शतकात, आणि फ्लामेंको घडलं त्यानंतर कितीतरी पिढ्यांनी, दक्षिण स्पेनात, सेव्हिलचं त्रियाना, हेरेस, कादिझ इथल्या गरीब वस्त्यांत. मधे 1749 मध्ये राजाच्या हुकमाने हजारो हितानो (स्पेनमधले रोमा) पकडून बायका वेगळ्या, पुरुष वेगळे डांबले. हे सगळं भोगलं त्यांनी आणि श्रेय आपल्याला?

भटके नाना:
अहो ताई, एवढं काय चिडायचं. मी पुण्यात कथक आणि फ्लामेंकोची जुगलबंदी पाहिलीये, अंगावर काटा आला. नातं असल्याशिवाय इतकं जुळतं का?

तालवेडी:
जुळतं कारण दोघांची तयारी असते नाना! कथकवालीचे पाय अनवाणी, घुंगरू बांधलेले, फ्लामेंकोवालीच्या बुटाला टाचेत-चवड्यात खिळे ठोकलेले. सोलेआ या फ्लामेंको प्रकाराच्या 12 मात्रा, जोर 3, 6, 8, 10, 12 वर. हातावर टाळी देऊन बघा एकदा.

सेव्हिलवासी:
तुम्ही दोघं नाचातच अडकलात, मूळ आहे गाणं. टूरिस्टांना तेवढा नाच दाखवतात, माझ्या पाहुण्यांना नेलं तर गाणाऱ्याला धड दोन कडवीही मिळाली नाहीत, पैसे मात्र भरमसाट. आणि खरं सांगू, हितानो रक्ताशिवाय ते गाणं येतच नाही.

गिटारप्रेमी:
झालं, आता रक्त! गिटारवादक पाको दे लुसिया हितानो नव्हता. गायक कामारोनच्या मागे त्याची गिटार ऐका आणि मग बोला. काहोन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) तर त्यानेच 1970च्या दशकात पेरूहून आणलं, आज त्याच्याशिवाय पान हलत नाही.

सेव्हिलवासी:
गिटारचं सोडा हो, मी गाण्याबद्दल बोलतोय!

गिटारप्रेमी:
मग गायक आंतोनियो चाकोन? तोही हितानो नव्हता. 1922 मध्ये संगीतकार फाया आणि कवी लोर्का यांनी ग्रानादात स्पर्धा भरवली तीसुद्धा ‘गाणं बाटलं’ या काळजीनेच, धंदेवाईक गायकांना बंदी घालून. परीक्षकांचा अध्यक्ष कोण? हाच चाकोन. शंभर वर्षं तेच रडगाणं.

सेव्हिलवासी:
चाकोन मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण हेरेसला लग्नघरात पहाटे तीनला म्हातारी आजी बुलेरिया (फ्लामेंकोचा जलद प्रकार) धरते ना, ते शिकून येत नाही.

भटके नाना:
बरं बाई, कथक नाही तर नाही. पण रोमा आपल्याकडूनच गेले, ते मी सोडणार नाही.

तालवेडी:
ते कुणी नाकारलं? पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, वाचा.