तिसऱ्यांचे शिंपले उघडले म्हणजे त्या शिजल्या का?

प्रश्न (खाडीकाठची सून):
आमच्या गावी ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या (दोन शिंपल्यांतले छोटे जीव) काढतात. सासूबाई त्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात आणि सकाळी वाफेवर शिंपले उघडले की लगेच पातेले उतरवतात, कारण जास्त शिजवल्यास तिसऱ्या वातड होतात. यंदा दिवाळीत असे जेवण झाल्यावर दुसऱ्याच दिवशी घरातील चौघांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. खाडीच्या वरच्या अंगाला आता बरीच घरे झाली असून त्यांचे सांडपाणी खाडीतच येते. तिसऱ्या सोडवत नाहीत. पण घरात तीन वर्षांची मुलगी आहे. काय बदलावे?

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका):
ताई, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूची लक्षणे साधारण १२ ते ४८ तासांत दिसतात, त्यामुळे तिसऱ्यांवरची तुमची शंका रास्त आहे. तिसऱ्या, कालवे, शिणाणे हे जीव पाणी गाळून अन्न मिळवतात आणि त्या पाण्यात मैला मिसळला असेल, तर त्यातील विषाणू त्यांच्या शरीरात साठत जातात. मिठाच्या पाण्यात वाळू गळते, विषाणू गळत नाहीत. शिंपला उघडतो तो उष्णतेने स्नायू सैल पडल्यामुळे. आतले मांस तेव्हा पुरेसे तापलेले असतेच असे नाही. मांसाच्या आत ९० अंश सेल्सिअस तापमान ९० सेकंद टिकावे, असा निकष आहे. घरात मोजणे कठीण. म्हणून शिंपले उघडल्यावर उकळत्या पाण्यात आणखी ३ ते ५ मिनिटे, वाफेवर असतील तर ४ ते ९ मिनिटे ठेवा. पातेले काठोकाठ भरू नका. थोड्या वातड लागतील, त्या तशाच खाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (निवृत्त आरोग्यसेवक):
कावीळही लक्षात ठेवा. १९८८ साली चीनमधील शांघायमध्ये नुसत्या गरम पाण्यातून काढलेल्या, अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे हिपॅटायटिस ए या काविळीची सुमारे तीन लाख माणसांना लागण झाली होती. ही कावीळ दिसायला १५ ते ५० दिवस लागतात, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या जेवणाशी तिचा संबंध कुणी जोडत नाही. तिच्यावर लस आहे. मुलीसाठी बालरोगतज्ज्ञांना अवश्य विचारा.

खाडीकाठची सून:
आभारी आहे. एकशिपी (एकाच शिंपल्यात मांस ठेवून केलेला तिसऱ्यांचा पदार्थ) करताना मात्र आम्ही तिसऱ्या कच्च्याच विळीवर उघडतो आणि त्याच विळीवर नंतर कोथिंबीर चिरतो, नारळही तिथेच खवतो.

सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका:
हे तर आधी बदला. तिसऱ्यांचे पाणी विळीच्या पात्यावरून ओघळून पाटावर, खवणीच्या दातांत जाते आणि कोथिंबीर तुम्ही वरून कच्चीच घालता. नारळ, कोथिंबीर आधी उरकून घ्या, तिसऱ्या शेवटी उघडा आणि मग विळी गरम पाण्याने, साबणाने घासा. हातही साबणानेच धुवावेत. नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. ज्याला उलट्या झाल्या, त्याने बरे वाटल्यानंतरही दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू नये.