आधी देवाला, मग बाकीच्यांना: रोजच्या काळज्यांचे अनुभव लिहा

कृष्णाकाठची
सलाम मंडळी. नाताळची झाडलोट चालू आहे. सासूबाईंचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कपाटातून काढलं तर त्यातल्या '2 राजे' पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात एक लाइट बिल निघालं. पिवळं पडलेलं, मागं पेन्सिलीनं किराण्याची यादी. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. घरात कुठलाही कागद आला, बिल असो, शाळेची चिठ्ठी असो की भावकीतल्या वकिलाची नोटीस, तो आधी शास्त्रात जायचा. रात्रीच्या प्रार्थनेला त्या तो उघडून चटईवर मांडायच्या, वर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बापा, तू वाच आधी." मग तो मामंजींच्या हातात. ते वैतागायचे, "अगं, तारीख निघून जाईल!"

शास्त्रातल्या हिज्कीया राजानं हेच केलं, म्हणून तो अध्याय. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं, ते त्यानं वाचलं आणि मंदिरात जाऊन परमेश्वरापुढं पसरलं. वाटणीची ती केस काही लगेच सुटली नाही, पार रेंगाळली. पण तिच्यावरून घरात आदळआपट झालेली मला आठवत नाही. नोटीस आली त्या रात्री मामंजी अंगणात येरझाऱ्या घालत होते आणि सासूबाई घोरत होत्या.

मोठे चमत्कार नकोत, ते चर्चमध्ये साक्षीच्या वेळी ऐकतोच. फी, ताप, भाडेकरू, सूनबाई, असलं लिहा.

गावभागातला
2019 चा सांगलीचा पूर. आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी 57 च्या वर. पप्पा म्हणाले, आधी प्रार्थना. आई म्हणाली, करा, पण जिना चढता चढता करा आणि तांदळाचा डबा हातात घ्या. सुरुवात खाली झाली, आमेन गच्चीवर. मधे गॅसची टाकी वर नेताना पप्पा जे बोलले ते प्रार्थनेत धरायचं नाही.

पोवई_नाका
😂😂 काकूंना माझा सलाम सांगा

चार_नंतर_फ्री
खरं सांगू का, माझा क्रम असा: आधी काळजी, मग गूगल, मग धाकटी बहीण, मग देव. पोराला ताप आला की तेवढ्यात मी गूगलवर त्याला चार रोग लावलेले असतात. बहीण म्हणते मला फोन करायच्या आधी गुडघ्यावर जा. आता तीच फोन उचलत नाही, "झाली का प्रार्थना?" असा मेसेज येतो. कुकर झाला, येते नंतर.

वचन_वाचक
फिलिप्पै 4:6 सगळ्यांना पाठ आहे, "कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका". पुढचं "आभारप्रदर्शनासह" मात्र आपण गिळतो. आणि आसा राजाचंही वाचा, 2 इतिहास 16:12. पायाचा रोग बळावला तरी परमेश्वराला न विचारता वैद्यांकडे गेला. आजची मंडळी तशीच झालीय.

रिटायर_सिस्टर_मिरज
भाऊ, वाचलंय. हिज्कीयाच्या गळवावर यशया संदेष्ट्यानं अंजिराचा लेप लावायला सांगितला, तेही वाचा, 2 राजे 20:7. माझा जन्म मिरजेत गेला. वॉनलेस साहेबांनी 1894 ला इथं दवाखाना काढला तो मिशनचाच, देव सोडून नव्हे. आम्ही टेबलापाशी प्रार्थना करायचो आणि मग ऑपरेशन. पेशंट मुसलमान असो, लिंगायत असो, डोळे मिटून पडायचे, "सिस्टर माझं नाव घ्या" म्हणायचे. शुगरवाली माणसं मात्र प्रार्थना झाली म्हणून गोळी बंद करायची आणि अंगठा काळा पडल्यावर यायची. त्यांची ड्रेसिंग मी केलीत, वास अजून नाकात आहे. देवाला आधी सांगा आणि सकाळी केसपेपर काढा. दोन्ही एकाच दिवशी होतं.

वचन_वाचक
सिस्टर, औषध घेऊ नका असं मी म्हटलेलं नाही. "आधी" एवढंच म्हटलं.

रिटायर_सिस्टर_मिरज
मग आपलं जमलं. जेवलात का?

बागायतदार_तासगाव
द्राक्षाची बाग फुलोऱ्यात आणि आभाळ भरलेलं. ज्यांची बाग आहे त्यांनाच कळंल. दावण्या, म्हणजे बुरशीचा रोग, एका रात्रीत घड नेतो. ब्लोअर लावून रात्रीचं फवारत होतो, ट्रॅक्टरच्या आवाजात प्रार्थना करायची म्हणजे ओरडूनच करावी लागते. शेजारचा बॅटरी घेऊन धावत आला, म्हणाला साप निघाला का. तिकडच्या कोपऱ्यातली बाग गेली, हिकडची राहिली. का ते मला इचारू नका. औषध दोन्हीकडं सारखंच होतं.

सदरबझार_सातारा
माझी शास्त्रातल्या नहेम्याची पद्धत. राजानं विचारलं तुझं मागणं काय, आणि उत्तर द्यायच्या आधी त्यानं स्वर्गीय देवाची प्रार्थना केली (2:4). राजा समोर, हे सगळं उभ्या उभ्या. मी साहेबाच्या केबिनचं दार ढकलताना तेवढीच करतो. "प्रभू, तोंड सांभाळ." एवढंच. रजा मंजूर होतेच असं नाही, पण बदली अजून झाली नाही.

जाता जाता, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत 1917 मध्ये आमच्या साताऱ्यातच सुरू केली. आमच्या तरुण संघाला विचारलं तर एकाला माहीत नाही. कंदी पेढे सगळ्यांना माहीत.

पोवई_नाका
पेढ्यांना नावं ठेवायची नाहीत दादा

वांगीभरली
मी आधी देवालाच सांगितलं होतं. बहिणीसाठी. रिपोर्ट हातात यायच्या आधीपासून. ती राहिली नाही. धागा चांगला आहे, वाचतेय सगळं.

कृष्णाकाठची
ताई 🙏 काय बोलू. पहाटेच्या प्रार्थनेत तुमचं नाव घेते.

रिटायर_सिस्टर_मिरज
बाळा, मिरजेला आलीस की घरी ये. काही बोलायचं नाही, नुसती ये. नंबर खाजगीत टाकते.

वांगीभरली
येते मावशी.

चार_नंतर_फ्री
परत आले. भाडेकरूचं कोणीतरी लिहा ना. आमच्या सासऱ्यांनी भाडेकरूसाठी रोज प्रार्थना केली, "प्रभू, ह्याला चांगली नोकरी लाव." लागली. पुण्यात. खोली रिकामी झाली, दोन महिन्यांचं भाडं बुडालं ते बुडालंच. सासरे म्हणतात, मागतानाच नीट मागायला हवं होतं.

गावभागातला
😂 "थकबाकीसह" म्हणायचं

पोवई_नाका
तासगावचे भाऊ, नाताळच्या केकला घरचा बेदाणा मिळेल का? बाजारात गंधकाचा वास येतो.

बागायतदार_तासगाव
मिळंल की. मागच्या हंगामातला स्टोरेजला आहे. हिरवा पाहिजे का काळा?

पोवई_नाका
काळा. दोन किलो.

चार_नंतर_फ्री
मला पण एक किलो, हिरवा. साताऱ्याची गाडी येते का तुमच्याकडं?