मालीम जेटीवर चोचवाला मासा पाहिला, मार्लिन असेल का? आणि गोव्यातून रॉडवर मिळतो का?

मांडवी_गळ
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात मालीम जेटीवर एका बोटीतून लांब चोचीचा मासा उतरवत होते, माणसाएवढा तरी असेल, वरून काळा-निळा आणि पोटाकडे चंदेरी. तिथे कोण म्हणतो तलवार मासा, कोण म्हणतो सेलफिश, कोण मार्लिन. गर्दीत फोटो काय नीट आला नाही, पण पाठीवरचा पर पुढे उंच आणि मग एकदम खाली उतरलेला हे नक्की आठवतंय. मी शापोराला आणि झुआरीच्या तोंडाला चोणक, तांबोसो मारतो, स्पिनिंग रॉड आणि 30 पौंडाची ब्रेड लाइन (विणलेली दोरी), पण हा मासा बघितल्यापासून डोक्यातून जात नाही. हा नक्की कोण ते सांगा, आणि गोव्यातून एका दिवसात जाऊन असा मासा रॉडवर लागू शकतो का? गियर काय लागेल?

खारवी_बायो
तुम्ही पराचं सांगितलंत ते बरं केलंत, अर्धं उत्तर त्यातच आहे. सेलफिशचा पाठीवरचा पर मधे सगळ्यात उंच असतो, त्याच्या अंगाच्या जाडीपेक्षाही उंच, तेव्हा तुमच्या वर्णनावरून सेलफिश बाद. तलवार मासा म्हणजे स्वोर्डफिश, तो वेगळ्याच कुळातला, त्याची चोच चपटी, पोटाखालचे पर त्याला नसतातच आणि शेपटीच्या मुळाशी प्रत्येक बाजूला एकच कंगोरा. मार्लिनची चोच गोल, पोटाखाली दोन बारीक लांब पर आणि शेपटीजवळ दोन-दोन कंगोरे. पुन्हा असा मासा दिसला तर छातीचा पर अंगाला दाबून बघा. ब्लॅक मार्लिनचा, निदान मोठ्याचा, दाबला जात नाही, विमानाच्या पंखासारखा ताठच राहतो. ब्लू आणि स्ट्राइप्ड मार्लिनचा दुमडतो. स्ट्राइप्डचा पाठीचा पर अंगाच्या जाडीएवढा किंवा जास्त उंच, ब्लॅकचा बुटका. रंगावर मात्र जाऊ नका, जिवंत असताना निळ्या पट्ट्या लखलखतात, मेल्यावर सगळं काळपट होऊन जातं.

या माशाचं मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे त्याच्या डोळ्याच्या एका स्नायूचं उष्णता तयार करणाऱ्या अवयवात रूपांतर झालेलं असतं, त्यामुळे खोल थंड पाण्यात गेला तरी डोळे आणि मेंदू गरम राहतात आणि नजर तेज राहते. चोच तो भाल्यासारखी खुपसत नाही, आडवी फिरवून टुना-बांगड्यांना जायबंदी करतो आणि मग गिळतो. आणि नेटवर सगळीकडे ताशी 110 किमी वेग लिहिलेला असतो तो विसरा, सेलफिशचा वेग प्रत्यक्ष मोजला तेव्हा ताशी 30-35 किमीच्या आसपासच भरला.

एक अजून, ब्लू मार्लिनमध्ये मोठी मादीच असते, नर सहसा 150-160 किलोच्या पुढे जात नाही. त्यामुळे जेटीवर पाच-सहाशे किलोचं धूड बघितलं तर ती अंड्यांवर येणारी मादी आहे हे लक्षात घ्या.

कॅप्टन_वास्को
मांडवी_गळ बाब, स्पष्टच सांगतो, गोव्यातून फायबर बोट आणि एक आउटबोर्ड घेऊन एका दिवसात मार्लिन हा बेत करू नका. आपल्याकडे समुद्राचा तळ हळूहळू उतरतो, खोल पाण्याची कड साधारण शंभर किलोमीटर लांब आहे आणि मार्लिन त्या कडेला आणि त्याच्या पलीकडे निळ्या पाण्यात फिरतो. तिथून परत यायला वारा उलटला, इंजिन बंद पडलं, तर मोबाईलला रेंज नाही, कोण येणार मदतीला. जेटीवर येतात ते लांब जाणाऱ्या बोटींच्या जाळ्यात किंवा लाँगलाइनला (बरेच गळ लावलेल्या लांब दोरीला) अडकलेले असतात, त्या बोटी कित्येक दिवस बाहेर राहतात. अंदमानला बेटापासून थोडं गेलं की पाणी खोल, लक्षद्वीपलाही तसंच, म्हणून सेलफिश-मार्लिनच्या मागे लागलेले लोक तिकडे जातात.

गियरचं म्हणाल तर चोणकवाला रॉड इथे कामाचा नाही. 80 किंवा 130 पौंड क्लासचा ट्रोलिंग रॉड (चालत्या बोटीमागे आमिष ओढायचा), दोन गियरचं मोठं रील, शेकडो मीटर लाइन, पुढे जाड मोनोचा (एकाच धाग्याचा) लीडर, म्हणजे गळाजवळचा तुकडा. बोट 7-8 नॉटने चालते, मागे स्कर्टवाले लूर (झालरीची खोटी आमिषं), आणि आउटरिगर, म्हणजे बाजूंना बाहेर काढलेले लांब दांडे, असले की लाइनी एकमेकांत गुंतत नाहीत. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, लाइनच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर ठेवतात. मासा लागला की नुसता रॉडवाला लढत नाही, अर्धं काम कॅप्टनचं, बोट मागे घेत घेत माशाकडे जायचं, त्यामुळे मासा लवकर बोटीजवळ येतो आणि दमून मरत नाही. रॉडवरच्या मार्लिनचा अधिकृत विक्रम अजून 1953 चाच आहे बघा, पेरूच्या काबो ब्लँको इथे आल्फ्रेड ग्लासेलने पकडलेला 1560 पौंडाचा ब्लॅक मार्लिन, म्हणजे 707 किलो. इतक्या वर्षांत कोणी मोडला नाही.

मांडवी_गळ
देव बरें करूं दोघांचं. म्हणजे जेटीवरचा मार्लिनच होता असं धरतो. आता एक विचारू का, अंदमानला गेलो आणि लागला तर सोडायचाच का? एवढा मासा, घरी चार-पाच कुटुंबं जेवतील असं वाटतं.

खारवी_बायो
सोडा, मनापासून सांगते. हिंदी महासागरात स्ट्राइप्ड मार्लिनचा साठा अतिमासेमारीने खूप खाली गेलाय, इथल्या टुना कमिशनच्या (टुना-मार्लिनसारख्या माशांचं बघणाऱ्या देशांच्या संस्थेच्या) अहवालात हे वर्षानुवर्षं येतंय आणि आपला देश त्या कमिशनचा सदस्य आहे. खायचं म्हणाल तर एवढ्या मोठ्या शिकारी माशात पारा साठतो, गरोदर बाईला आणि लहान मुलांना तो देऊच नये. घरी न्यायला विसवण (सुरमई) आहे की. आणि हा मासा एका गावाचा नसतोच हो, अमेरिकेत डेलावेअरजवळ टॅग लावलेला एक ब्लू मार्लिन साधारण तीन वर्षांनी मॉरिशसजवळ मिळाला, म्हणजे अटलांटिकमधून आपल्या महासागरात आला.

पण सोडायचा तर नीट सोडा. नैसर्गिक आमिष असेल तर सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरा, तो जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, पोटात जात नाही. झटका मारायचा नाही, लाइन ताणत जाऊ द्यायची, हुक आपोआप बसतो. फोटोसाठी मासा बोटीत ओढू नका, पाण्यातच चोच धरा, हातमोजे घालून, आणि बोट हळू पुढे चालू ठेवा म्हणजे कल्ल्यांतून पाणी जातं. तो स्वतः शेपूट मारायला लागला की मगच सोडायचं, त्याला दहा मिनिटं लागली तर दहा मिनिटं. वजन हवंच असेल तर खालच्या जबड्यापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी आणि घेर इंचात अंदाजे घ्या, घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 800, पौंडात अंदाज मिळतो.

कॅप्टन_वास्को
हेच. आणि जायच्या आधी इथेच ट्रोलिंगचा हात बसवा, पावसाळ्याची बंदी 31 जुलैला संपली तरी समुद्र लगेच निवत नाही, ऑक्टोबरनंतर ग्रँड आयलंडच्या बाहेर विसवणाला लूर ओढा. बोटवाल्याला आधीच विचारून घ्या लाइफ जॅकेट आणि वायरलेस आहे का, नसेल तर दुसरी बोट बघा.