आठवण असते, पण वेळ नसतो

"तान्हेपणी मेनिंगोकॉकलची लस झालीय, शरीर ते लक्षात ठेवतंच, मग बूस्टर कशाला?" या प्रश्नाबद्दल थोडं. (मेनिंगोकॉकल म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंगोकॉकस जंतूविरुद्धची.)

लक्षात ठेवतं हो, पण स्मृतिपेशींना, म्हणजे जंतूची ओळख जपून ठेवणाऱ्या पेशींना, पुरेशा अँटिबॉडी बनवायला चार-पाच दिवस तरी लागतात, आणि हा जंतू घशातून रक्तात शिरला की सगळा तासांचा खेळ. म्हणून अँटिबॉडी रक्तात आधीपासूनच फिरत असाव्या लागतात. ब्रिटनने १९९९ मध्ये या जंतूच्या 'सी' गटाविरुद्धची लस आणली. तान्ह्या बाळांमधलं संरक्षण वर्षभरात ओसरतं असं दिसल्यावर २००६ मध्ये पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बूस्टर जोडला. किशोरवयातला डोस मात्र जास्त टिकतो. लेस्टरच्या माझ्या भाचीला नववीत शाळेतच टोचली. दोन दिवस दंड धरून बसली होती, बाकी काही नाही.